आजोबांच्या फोटोतला लिबरेटर १/७२ मध्ये: आधी फोटो वाचा, मग किट उघडा

जुन्या फोटोवरून विमानाचं मॉडेल बांधायचं ठरलं की बहुतेक जण आधी किट आणतात, अर्धं जोडतात आणि मग फोटोशी ताडून बघतात. तोवर नाकाचा टरेट, म्हणजे तोफांचा फिरता घुमट, चिकटलेला असतो, आणि फोटोतल्या विमानाला तो टरेट नसतोच. किटची पत्रिका 'लिबरेटर' या प्रकाराबद्दल सांगते. फोटो मात्र एकाच विमानाचा असतो, एका दिवसाचा. दोघांचं जमलं नाही तर ऐकायचं फोटोचंच, आणि त्यासाठी तो आधी नीट वाचावा लागतो.

उदाहरणाला लिबरेटर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बी-२४ बॉम्बफेकी विमान, १/७२ मध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात) घेण्याचं कारण साधं आहे. भारतातल्या घरांत आजोबा, चुलत आजोबा किंवा मामांच्या पेटीत चार इंजिनांचं आणि दोन उभ्या शेपटांचं विमान निघालं, तर ते बहुधा हेच असतं. बंगालमधल्या सालबनी, दिग्री, जेसोर, धुबालिया या तळांवरून रॉयल एअर फोर्सचे लिबरेटर ब्रह्मदेश आणि सयामवर जात. ३५५ आणि ३५६ या दोन्ही स्क्वाड्रन सालबनीलाच उभ्या राहिल्या. लिबरेटरवरच्या वैमानिकांचं प्रशिक्षण कोलारला चाले. अमेरिकेचा ७वा बॉम्ब ग्रुप पांडवेश्वरला होता. पण फोटो युद्धातलाच असेल असं धरून चालू नका. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेल्या लिबरेटरांपैकी बेचाळीसएक विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त करून हवाई दलाला दिली. १९४८ पासून ५ नंबरच्या स्क्वाड्रनने आणि नंतर पुण्यात ६ नंबरच्या स्क्वाड्रनने ती वापरली, आणि शेवटची १९६८ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे 'आजोबांचा युद्धातला फोटो' हा १९५५ चा पुण्याचा फोटो निघू शकतो. तसं निघालं तरी मॉडेल तितकंच सुंदर होतं, फक्त रंग आणि निशाण्या पार बदलतात.

स्कॅन

त्या काळच्या घरगुती कॅमेऱ्याचे फोटो बहुधा निगेटिव्हच्याच आकाराचे असतात, म्हणजे सहा बाय नऊ सेंटिमीटर. तीनशे डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके) स्कॅन केले की पडद्यावर छान दिसतात, पण कामाचे राहत नाहीत. हिशोब बघा. विमानाची लांबी २०.५ मीटर, आणि फोटोत ती सात सेंटिमीटर भरली. तीनशे डीपीआयला ते सात सेंटिमीटर सुमारे ८२७ पिक्सेल होतात, म्हणजे एक पिक्सेल खऱ्या विमानावर जवळजवळ २५ मिलिमीटर. ब्रिटिश विमानांच्या मागच्या भागावरचा नंबर आठ इंच उंच असे. तो आठ पिक्सेलांत बसतो आणि नुसता ठिपक्यांचा पुंजका दिसतो. बाराशे डीपीआयला तोच नंबर तेहेतीस पिक्सेल उंच येतो, आणि त्यात निदान ८ आणि ३ वेगळे काढता येतात. बाराशेच्या वर गेलात तर कागदी प्रिंटमधून फक्त दाणे मिळतात. निगेटिव्ह सापडली असेल तर मात्र चोवीसशेला करा.

फाइल टिफ ठेवा, १६ बिट, आणि स्कॅनरची 'सुधारणा' व धूळ काढणारी सोय बंद करा. ही सोय ओरखडा समजून अँटेनाची तार पुसते. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कारण पेन्सिलीने लिहिलेली तारीख तिरप्या उजेडात दिसते. अल्बमला चिकटलेला फोटो सोलायला जाऊ नका. पान तसंच काचेवर ठेवा. आणि प्रिंट उलट्या निगेटिव्हवरून तर काढलेली नाही ना, हे अक्षरांवरून आधीच पाहून घ्या. अक्षरं दिसत नसतील तर गणवेशाचा खिसा आणि बटणं कोणत्या बाजूला आहेत ते बघा.

गोल निशाणी आणि फिल्मची फसवणूक

घोडं पेंड खातं ते इथे. राउंडेलवरून, म्हणजे विमानावरच्या गोल निशाणीवरून, फोटोचा काळ कळतो, पण काळ्यापांढऱ्या फिल्मवर निळा आणि लाल हे रंग आपल्याला वाटतात तसे उमटत नाहीत.

आधी नियम. जपानी विमानांवर लाल गोळा असे, त्यामुळे घाईत आपल्याच विमानावर गोळ्या झाडल्या जाऊ नयेत म्हणून १९४३ च्या मध्यापासून भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरून लाल रंग काढला गेला. आधी लालाच्या जागी पांढरा आला, मग फिका निळा. बाहेर गडद निळं कडं, आत फिका निळा गोळा, आणि शेपटावरच्या पट्ट्याही तशाच दोन निळ्यांच्या. ही आग्नेय आशिया कमांडची ओळख. अमेरिकन विमानावर चांदणी असते. चांदणीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या २९ जून १९४३ च्या हुकुमाने आल्या, तेव्हा त्यांना लाल कड होती, आणि ऑगस्टमध्ये ती कड निळी झाली. अर्थात हुकूम निघाला म्हणून दुसऱ्याच दिवशी आघाडीवर ब्रश चालला असं नाही. भारतीय हवाई दलाच्या लिबरेटरवर १९५० नंतर केशरी-पांढरा-हिरवा राउंडेल आणि शेपटावर तीन पट्टे आहेत, आणि नंबर 'एचई' ने सुरू होतो. त्याआधी दोनएक वर्षं अशोकचक्र होतं.

आता फिल्म. हौशी लोकांच्या कॅमेऱ्यात तेव्हा सर्रास ऑर्थोक्रोमॅटिक रोल असे. कोडॅकचा व्हेरिक्रोम १९३१ पासून मिळत होता आणि तो ऑर्थोच होता. त्याची पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणारी, आवृत्ती थेट १९५६ मध्ये आली. ऑर्थो फिल्मला लाल दिसतच नाही, निळा मात्र भरपूर दिसतो. म्हणून तिच्यावर लाल रंग काळा येतो, पिवळा मळकट करडा येतो, फिका निळा जवळजवळ पांढरा दिसतो, आणि गडद निळाही वाटतो त्यापेक्षा फिका. फोटोत राउंडेलचा मध्य पांढराफेक दिसला म्हणून तो पांढराच होता असं म्हणता येत नाही.

फिल्म कोणती होती ते त्याच फोटोत शोधता येतं. प्रोपेलरची पाती काळी आणि टोकं पिवळी असत, हे पक्कं माहीत आहे. टोकं उजळ, जवळजवळ पांढरी दिसली तर फिल्म पॅनक्रोमॅटिक. टोकं आणि पातं यांत जेमतेम फरक दिसला तर ऑर्थो. दुसरी खूण माणसांची: ऑर्थोवर चेहरे काळवंडलेले, ओठ गडद, आणि आभाळ एकसारखं पांढरं. हे एकदा ठरलं की राउंडेल वाचा. फिल्म ऑर्थो आणि मध्य गडद, तर तो लाल आहे, म्हणजे फोटो १९४३ च्या मध्याआधीचा किंवा युद्ध संपून लाल परत आल्यानंतरचा. फिल्म ऑर्थो आणि मध्य पांढरा, तर फिका निळा धरून चला आणि त्याच फोटोतल्या खऱ्या पांढऱ्या वस्तूशी, बनियन किंवा टॉवेलशी, तुलना करा. बनियनपेक्षा गोळा किंचित जरी करडा असला तरी निळा. केशरी आणि हिरवा मात्र दोन्ही फिल्मांवर गोंधळ घालतात. तिथे रंगाकडे बघण्याऐवजी पट्टे मोजा: शेपटावर दोन असतील तर आग्नेय आशिया कमांड, तीन असून मधला उजळ असेल तर भारतीय हवाई दल, किंवा लाल रंग असलेल्या काळातलं ब्रिटिश विमान.

कोणता लिबरेटर?

नाकावर काचेचा पिंजरा आणि टरेट नाही, तर तो बी-२४डी, रॉयल एअर फोर्सच्या भाषेत मार्क ३. नाकावर टरेट, तर मार्क ६ किंवा ८, म्हणजे बी-२४जे आणि त्याचे भाईबंद. टरेटही दोन तऱ्हांचे. एमर्सनचा गोलसर, कन्सॉलिडेटेडचा उंच आणि खांदे पाडलेला. त्यांच्या पाठीमागचा नाकाचा भागही वेगळा आहे, त्यामुळे नुसता टरेट बदलून भागत नाही. शेपटाकडच्या टरेटमध्ये चार बारीक नळ्या दिसल्या तर तो ब्रिटिश बोल्टन पॉल, दोन जाड नळ्या दिसल्या तर अमेरिकन. पोटाखालचा गोळा टरेट आहे की काढून तिथे पत्रा मारलाय, तेही फोटोतच बघा.

घरात उड्डाणवही असेल तर अर्धं काम झालं. तिच्यात तारखेपुढे विमानाचा प्रकार आणि नंबर असतो, आणि रात्रीची उड्डाणं लाल शाईत. वहीत नुसतंच 'टी' किंवा 'के' असं एक अक्षर असेल तर स्क्वाड्रनची कारवाई-नोंदवही बघावी लागते. लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्हजमध्ये त्या 'एअर २७' या मालिकेत आहेत. फॉर्म ५४० वर रोजचा सारांश आणि ५४१ वर विमानाचा नंबर, चमूची नावं आणि निघाल्या-परतल्याच्या वेळा. जमिनीवरच्या कामगारांची, म्हणजे फिटर, रिगर, आर्मरर यांची नावं मात्र ५४१ वर नसतात. आजोबा त्यांपैकी असतील तर फोटोतल्या विमानाचा नंबर हाच धागा.

फोटोतून मापं काढणं

नाकावरचं चित्र किंवा अक्षर किती मोठं करायचं? लोक प्रोपेलरचा व्यास, ३.५३ मीटर, घेऊन प्रमाण काढतात. पण प्रोपेलर समोर तोंड करून असतो आणि चित्र बाजूला. शिवाय प्रोपेलर कॅमेऱ्यापासून वेगळ्या अंतरावर असतो. हिशोब बरोबर, उत्तर चूक.

त्यापेक्षा किटलाच फूटपट्टी करा. चित्राच्या अगदी वर आणि त्याच बाजूला दोन ठळक खुणा निवडा, उदाहरणार्थ कॉकपिटच्या खिडकीची मागची कड आणि नाकाच्या जोडाची रेघ. किटच्या भागावर कॅलिपरने ते अंतर मोजा. समजा ३८ मिलिमीटर आलं आणि फोटोत ते ६१० पिक्सेल आहे. चित्र १९० पिक्सेल रुंद असेल तर १९० गुणिले ३८ भागिले ६१०, म्हणजे ११.८ मिलिमीटर. खऱ्या विमानाचं माप मध्ये आलंच नाही, त्यामुळे किटच्या मापात थोडी गफलत असली तरी चित्र त्याच्या जागी नीट बसतं. उंचीसाठी हीच कसरत उभ्या दिशेने वेगळी करा, कारण तिरप्या फोटोत आडवं अंतर आकसतं आणि उभं तेवढं आकसत नाही.

बांधणी

१/७२ मध्ये पंखांचा पसारा ४६५ मिलिमीटर आणि लांबी २८४. १/४८ ला पसारा सत्तर सेंटिमीटरवर जातो आणि १/३२ ला मीटरभराच्या वर. कपाट आधी मोजा. १/७२ मध्ये हासेगावाचं किट सर्वांत नेटकं, पॅनेलच्या रेघा कोरलेल्या, आणि डी व जे दोन्ही प्रकारांत आलेलं. १/४८ चं जुनं मोनोग्राम आकाराला उत्तम, पण रेघा उठावाच्या आहेत. धातूच्या रंगाला त्या घासून नव्याने कोराव्या लागतात.

लिबरेटरचं मॉडेल करणाऱ्याला सर्वांत आधी छळतं ते वजन. विमान नाकाच्या चाकावर उभं राहणारं, शेपूट लांब आणि जड, त्यामुळे मॉडेल हमखास शेपटावर बसतं. पत्रिकेतला ग्रॅमचा आकडा तुमच्या विमानासाठी नसतो. तुम्ही रेझिनचा टरेट किंवा बॉम्ब-बेमध्ये (बॉम्बच्या खणात) पितळी भाग घातले की तो बदलतो. म्हणून स्वतः मोजा. धड, पंख, इंजिनं, शेपूट सगळं टेपने तात्पुरतं जोडा. मुख्य चाकांच्या आसाच्या रेषेत खाली एक पट्टी उभी धरून त्यावर मॉडेल टेकवा आणि शेपटाचं टोक डिजिटल काट्यावर ठेवा. काटा १२ ग्रॅम दाखवतो आणि काट्यावर टेकलेलं टोक आसापासून १४० मिलिमीटर मागे आहे असं धरू. वजन ठेवायची जागा आसाच्या ७५ मिलिमीटर पुढे आहे. बारा गुणिले १४० भागिले ७५, म्हणजे साडेबावीस ग्रॅमच्या आसपास. त्यावर पाव हिस्सा वाढवा, कारण पुट्टी, रंग आणि शेपटाचा टरेट अजून यायचे आहेत. झाले २८ ग्रॅम.

आता हे २८ ग्रॅम मावणार कुठे? नाकाला काच आहे, आतलं दिसतं. भरीव पोलादाला सुमारे ३.६ घन सेंटिमीटर जागा लागते, शिशाला अडीच, टंगस्टनला दीडच्या आत. काचेच्या नाकाच्या डी प्रकाराला टंगस्टन घेतलेलं बरं. कॉकपिटच्या जमिनीखाली आणि नाकाच्या चाकाच्या खणाच्या दोन्ही बाजूंना आधी भरा. उरलेलं इंजिनांच्या काऊलिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या आवरणात, घाला. ती आसाच्या पुढे आहेत, पण फारशी पुढे नाहीत, त्यामुळे तिथे तेवढ्याच परिणामाला बरंच जास्त वजन लागतं. बॉम्ब-बेमध्ये वजन कोंबणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शिसं वापरणार असाल तर ते पांढऱ्या पीव्हीए गोंदात कधीही बसवू नका. गोंदातून निघणारं अ‍ॅसेटिक आम्ल, हवेतला ओलावा आणि कार्बन डायॉक्साइड यांनी शिशावर पांढरी भुकटी चढते आणि ती फुगते. दोनतीन वर्षांनी धडाचा जोड आतून फाटतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला पुट्टीचा दोष वाटतो. शिशाला इपॉक्सी वापरा, आणि हाताळून झाल्यावर हात धुवा. एवढं वजन बारीक प्लास्टिकच्या नाकाच्या दांड्यावर कायमचं उभं राहणार आहे. तो दांडा महिन्याभरात वाकतो. धातूचा पर्यायी दांडा घ्या, किंवा प्लास्टिकच्या दांड्याला मधोमध ०.५ मिलिमीटरचं भोक पाडून पोलादी तार घाला.

आतला रंग फार मनावर घेऊ नका. कॉकपिट हिरवा, आणि बॉम्ब-बेचा मोठा भाग नुसतं अ‍ॅल्युमिनियम. धड मिटल्यावर त्यातलं थोडंच दिसतं. बॉम्ब-बे उघडा ठेवणार असाल तर दारं लोंबती दाखवू नका. लिबरेटरची दारं दुकानाच्या शटरसारखी धडाच्या कडेने वर सरकतात. फोटोत ती उघडी असतील तर बाजूला पन्हाळी पत्रा दिसतो.

पंख लांब आणि अरुंद आहेत, मुळाशी जोड लहान. नुसत्या गोंदावर सोडले तर वर्षभरात टोकं खाली येतात. धडातून आरपार दोन पितळी नळ्या घाला, बाहेरचा व्यास २ मिलिमीटर, प्रत्येक बाजूला निदान ६० मिलिमीटर आत. गोंद वाळेपर्यंत दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्या ठेवा आणि टेबलापासून टोकापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. नजरेवर विसंबू नका. दोन उभी शेपटं चौकटीच्या कागदावर लंबरूप करा. एक जरी अंशभर कललं तरी समोरून विमान दारू प्यायल्यासारखं दिसतं, आणि ते दुरुस्त करायला पूर्ण मागचा भाग उखडावा लागतो. इंजिनांची काऊलिंग समोरून गोल नाहीत, आडवी लांबट आहेत, दोन्ही बाजूंना हवेच्या खाचा आहेत. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली तर पंखाला बसताना बारीक फट राहते. ती पुट्टीने बुजवण्याआधी भाग क्रमांक पुन्हा बघा.

काचा भरपूर आहेत, आणि सुपरग्लू जवळ फिरकला की त्याच्या वाफेने त्यांवर पांढरा धुरकटपणा येतो. काचेचा प्रत्येक तुकडा आधी पातळ चकचकीत अ‍ॅक्रिलिक वार्निशात बुडवा, टिपकागदावर उभा ठेवा आणि झाकण घालून दोन दिवस वाळवा. काच बसवायला मात्र तोच पांढरा गोंद उत्तम. चौकटी रंगवताना पहिला थर आतल्या हिरव्याचा द्या, त्यावर बाहेरचा रंग. आतून बघितलं तर हिरवंच दिसायला हवं.

तोफांच्या नळ्या ०.५ मिलिमीटर पितळी नळीच्या करा आणि अगदी शेवटी बसवा. आधी बसवल्या की बाहीत अडकून मोडणारच.

धातूचा रंग

१९४४ पासूनचे बरेच लिबरेटर न रंगवलेले, नुसत्या अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. त्याआधीचे वरून ऑलिव्ह ड्रॅब, खालून करडे. ऑलिव्ह ड्रॅब क्षमाशील रंग आहे. धातूचा रंग प्रत्येक ओरखडा सांगतो.

पुट्टीचा जोड चारशेच्या पॉलिश पेपरने सपाट करा, मग आठशे, दोन हजार, चार हजार. त्यावर चकचकीत काळा प्रायमर द्या आणि किमान २४ तास थांबा. काळ्या थरात आपलं प्रतिबिंब स्वच्छ दिसलं तरच पुढे जा, कारण धातूचा थर इतका पातळ असतो की तो खालचं काहीच लपवत नाही. लॅकर प्रकारचा अ‍ॅल्युमिनियम एअरब्रशने १२ ते १५ पीएसआयवर, सातआठ सेंटिमीटरवरून, अगदी भुरभुरता मारा. तीन झिरझिरीत थर पुरतात. जाड मारलात की चांदीच्या कागदासारखा मुलामा दिसतो. हवा दमट असेल तर लॅकर दुधाळतो. त्या दिवशी रंग काढूच नका.

खरं विमान एका छटेचं नसतं. पण मॉडेलवाले इथे अतिरेक करतात आणि विमानाची गोधडी होते. फोटो काय दाखवतो तेवढंच करा: कुठल्या पॅनेलची छटा वेगळी आहे ते स्कॅनवर लाल पेनाने खुणा आणि तेवढीच टेपने झाकून मारा. एक फरक मात्र सगळीकडे असतो. एलरॉन, एलेव्हेटर आणि रडर हे पंखाशेपटांचे हलणारे भाग कापडाचे होते आणि त्यांवर चंदेरी डोप, म्हणजे कापडावरचा लेप, असे, त्यामुळे ते निस्तेज करडे-चंदेरी दिसतात, धातूसारखे चमकत नाहीत. कॉकपिटपुढचा डोळे दिपू नयेत म्हणून रंगवलेला पट्टा ऑलिव्ह ड्रॅब. टेप लावण्याआधी ती तळहातावर दोनदा चिकटवून काढा म्हणजे तिची पकड कमी होते आणि खालचा थर उचलला जात नाही.

निशाण्या

दोन निळ्यांचा राउंडेल डेकलपेक्षा (पाण्यात भिजवून लावायच्या छापील चित्रापेक्षा) रंगवलेला केव्हाही सरस. पूर्ण गोळा आधी फिक्या निळ्याने मारा, कंपास-कटरने टेपची चकती कापून मध्य झाका, वरून गडद निळा. फिक्या निळ्याला सुरुवात म्हणून चार भाग पांढऱ्यात एक भाग गडद निळा घ्या आणि सुकल्यावर पाहा. ओला रंग नेहमी वेगळा दिसतो. मध्य आणि कडं यांचं प्रमाण फोटोवरूनच घ्या, कारण आघाडीवर रंगवलेले राउंडेल एका मापाचे नव्हते.

आठ इंची नंबर १/७२ मध्ये २.८ मिलिमीटर उंच होतो आणि अक्षराची जाडी ०.३५. तो हाताने लिहिण्याचा नाद सोडा, डेकलच लावा. घरच्या इंकजेटवर डेकल छापणार असाल तर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, हे लक्षात ठेवा. नाकावरचं चित्र नितळ कागदावर छापून ऑलिव्ह ड्रॅबवर लावलं तर दिसेनासं होतं. पांढऱ्या डेकल कागदावर छापा, किंवा खाली त्याच आकाराचा पांढरा तुकडा आधी लावा. छपाई दोन तास वाळवून लॅकरचे तीन पातळ थर द्या. पहिला थर ओला मारला की शाई पसरते. डेकल कडेच्या जितकं जवळ कापता येईल तितकं कापा. धातूच्या रंगावर डेकलच्या फिल्मची कड ओल्या डागासारखी चमकते. डेकलखाली चंदेरी बुडबुडे दिसले तर खालचा पृष्ठभाग खरखरीत होता. बारीक सुईने टोचून डेकल मऊ करणारं द्रावण त्यात सोडा.

धूळ आणि तेल

सालबनी जांभ्या दगडाच्या मुलखात आहे. टायर, चाकांचे खण आणि पोटाचा पुढचा भाग यांवर तांबूस धूळ हवी, वाळवंटी पिवळी नको. रंगखडूची भुकटी मऊ ब्रशने चोळा, आणि तिच्यावर वार्निश मारू नका, कारण वार्निशखाली ती निम्मी नाहीशी होते. टर्बोसुपरचार्जर प्रत्येक इंजिनाच्या पोटाखाली आहे, म्हणून धुराची मुख्य खूण पंखाच्या खालून मागे जाते. वरून काढलेले काळे पट्टे चुकीचे. वर असतात ते तेलाचे ओघळ, तपकिरी आणि चमकदार.

शेवटचं ताडून बघणं

मॉडेल झालं की त्याचा फोटो मूळ फोटोच्याच कोनातून काढा. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची १.६ मीटर धरली तर १/७२ मध्ये ती २२ मिलिमीटर होते. फोन उलटा धरा म्हणजे त्याची भिंगं टेबलाच्या जवळ येतात. मूळ फोटो वीस मीटरवरून काढलेला वाटत असेल तर भिंग मॉडेलपासून २८ सेंटिमीटरवर हवं. उन्हाची दिशा जुन्या फोटोतल्या सावलीवरून ठरवा.

मग रंगीत फोटो काळापांढरा करा, पण नुसतं बटण दाबून नाही. मूळ फिल्म ऑर्थो ठरली असेल तर चॅनेल मिक्सरमध्ये लाल शून्य, हिरवा पन्नास आणि निळा पन्नास टक्के ठेवा. दोन्ही चित्रं शेजारी लावा. प्रोपेलरची पिवळी टोकं मळकट व्हायला हवीत आणि राउंडेलचा मध्य जवळजवळ पांढरा. तो जुन्या फोटोपेक्षा काळपट आला तर फिका निळा अजून एक भाग पांढऱ्यात उजळा. चकती कापलेली टेप जपून ठेवली असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.